मार्सेयला पाठवलेला एक शब्द

नोकरीच्या अर्जात मी एक ओळ जास्तीची लिहिली होती. पुण्याच्या कॉलेजात इंटरपर्यंत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती, तेवढ्यावर 'फ्रेंच येते' असं लिहून मोकळी झाले. महाडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला शिक्षिका हवी होती. फ्रेंचशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पण हेडमास्तरांना ती ओळ फार आवडली. त्यांनी ती शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तिथून ती बाजारात गेली, आणि दोन महिन्यांत मी गावाला 'फ्रेंचवाल्या बाई' म्हणून ठाऊक झाले. तेव्हा मला तेविसावं वर्ष लागलं होतं. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोनेक वर्षं होती.

खरं सांगायचं तर मला फ्रेंच येत नव्हती. क्रियापदांचे तक्ते पाठ होते, परीक्षेला नेमलेले धडे पाठ होते, आणि एक खिशात मावेल अशी इंग्रजी-फ्रेंच डिक्शनरी होती. तिच्या मागच्या निम्म्या भागात फ्रेंचवरून इंग्रजी दिलेलं होतं. खऱ्या फ्रेंच माणसाशी मी जन्मात बोलले नव्हते. कधीतरी कोणी फ्रेंचमधला कागद समोर ठेवील आणि आपलं पितळ उघडं पडेल अशी एक धाकधूक असायची. पण महाडात असा कागद आणणार कोण, असं म्हणून मी ती बाजूला सारत असे.

तो कागद आणला कापडे गावच्या एका बाईंनी. दसरा होऊन गेला होता. रविवार होता. मी आणि आई चवदार तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी दारात त्या उभ्या राहिल्या. वय तिशीचं, पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले. कापड्याहून पोलादपूरपर्यंत चालत आणि पुढे एसटीनं आल्या होत्या. त्यांचा नवरा परदेशी बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचा. पोस्टमननं त्यांना माझा पत्ता सांगितला होता. त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हटलं, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला मुंबईच्या कंपनीचा, इंग्रजीतला, तीन ओळींचा. नवऱ्याचं नाव, बोटीचं नाव आणि पुढे 'डिसचार्ज्ड, सिक, मार्सेय'.

"गावात एक मुंबईवाला आलाय," वहिनी म्हणाल्या. "त्यो म्हनतो, डिसचार म्हंजे नोकरीवरनं काढला. खरं हाय का वो बाई?"

"नाही, नाही. काढलेलं नाही," मी म्हणाले. "आजारी म्हणून बोटीवरून उतरवलंय. मार्सेय हे फ्रान्समधलं बंदर आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून त्याचा घोटाळा झाला."

वहिनी उंबऱ्याच्या आत बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. आईनं त्यांना पाणी दिलं. मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला. एका शब्दानं घाबरलेल्या बाईला मी शब्दाचा दुसरा अर्थ सांगून धीर दिला होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा हात होता, असं मला आजही वाटतं.

दुसरा कागद फ्रेंचमध्ये होता. निळ्या शाईचं हातानं लिहिलेलं पत्र, अक्षर बारीक आणि तिरकं. छापील धड्यांची सवय असलेल्या मला पहिली ओळ लागायलाच वीस मिनिटं गेली. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी डिक्शनरी चाळताना त्यांना दिसू नये म्हणून खिडकीपाशी पाठ करून बसले.

पत्र मार्सेयच्या एका इस्पितळातल्या नर्सचं होतं. ती ख्रिस्ती जोगीण होती. तिनं लिहिलं होतं की तुमचे पती आमच्याकडे आहेत, डाव्या कानामागे मोठी सूज आहे आणि ताप उतरत नाही. त्यांची भाषा इथे कोणाला येत नाही. सुई पाहिली की ते हात मागे घेतात आणि जोरजोरात मान हलवतात. पूर्वी काय उपचार झाले, कोणती औषधं दिली होती, ते कृपा करून लवकर कळवा.

हे सगळं जसंच्या तसं वहिनींना वाचून दाखवायला हवं होतं. मी ते केलं नाही. सुईचं वाक्य मी गाळलं. धट्टाकट्टा माणूस सुईला घाबरतो हे त्याच्या बायकोला माझ्या तोंडून कळावं, हे मला बरं वाटेना. आणि खरं म्हणजे त्या वाक्यातल्या दोन शब्दांची मला खात्री नव्हती. मी एवढंच म्हणाले, "कान दुखतोय. आधी कुठलं औषध दिलं होतं ते विचारलंय. डॉक्टरांचा काही कागद आहे का घरी?"

"हाय की. दोन वर्सांमागं कान फुटला व्हता, तवा हितंच महाडात दवा केली. कागुद हायती पेटीत."

"शिक्क्याचा असेल तो आणा," मी म्हणाले. सरकारी दिसणारा कागद बरा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी शिक्क्याचा कागद घेऊन आल्या. भात कापायला आलं होतं, म्हणून कागद हातात देऊन उभ्या उभ्याच परत गेल्या.

त्या कागदावर चार ओळी होत्या. डावा कान, ताप, पेनिसिलीन दिलं, आणि शेवटी डॉक्टरी अक्षरात 'डिसचार्ज सेम डे'. खाली सही आणि शिक्का.

संध्याकाळी मी फ्रेंचमध्ये पत्र लिहायला बसले. 'डिसचार्ज'पाशी डिक्शनरी उघडली तर त्या एका शब्दापुढे फ्रेंच शब्दांची रांग लागली होती. बोटीवरून माल उतरवला तर एक. बंदूक झाडली तर एक, तो दिसायला इंग्रजीसारखाच होता, देशार्ज. आरोपीला निर्दोष सोडलं तर आकिते. नोकराला काढून टाकलं तर काँजेदिए. जखमेतून पू वाहिला तर एकुलमाँ. रोग्याला इस्पितळातून घरी पाठवलं तर सॉर्ती. मी एकेक शब्द कागदाशी लावून पाहिला. 'एकुलमाँ'वर क्षणभर थांबलेही. पण 'सेम डे' म्हणजे त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी काय होणार, तर रोगी घरी जाणार. असा हिशेब करून मी 'सॉर्ती' लिहिलं. पेनिसिलीन दिलं, त्याच दिवशी रोगी घरी गेला. व्याकरण तीनदा तपासलं. सॉर्तीला पुल्लिंगी प्रत्यय बरोबर आहे ना, याचीच मला जास्त काळजी होती. मंगळवारी शाळेत जाताना विमानाच्या टपालानं पत्र टाकलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत वहिनी शाळेत आल्या. फडक्यात काकड्या बांधून आणल्या होत्या, त्या सोडून माझ्या हातात दिल्या. व्हरांड्याच्या टोकाला आम्ही उभ्या होतो. मुली डबे खात होत्या.

"लिवलंत का बाई समदं?"

"लिहिलं. मंगळवारीच टाकलं."

"आनि त्या विंजेक्शनचं?"

"हो, तेही लिहिलं. पेनिसिलीन दिलं होतं म्हणून कळवलंय."

"आनि त्येच्यानं मरायला टेकला व्हता, त्ये?"

मला प्रथम नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"सुई टोचली नि त्वांड सुजलं, ह्ये एवढं. अंगावर गांधी उठल्या. सास घेता येईना. मी डागतराचं पाय धरलं. सा दिस त्येंच्या मागल्या खोलीत व्हता, मंग घरी नेला."

सहा दिवस. माझ्या हातातल्या काकड्या खाली पडल्या. मुलींनी त्या उचलून दिल्या, मी त्या परत फडक्यात ठेवल्या, हे सगळं मला आठवतं, पण ते दुसऱ्याच कोणाचं तरी असल्यासारखं. घरी त्याच दिवशी गेलाच नव्हता. मग तो शब्द सॉर्ती नव्हता. मी फ्रान्समधल्या डॉक्टरांना लेखी कळवलं होतं की या माणसाला पेनिसिलीन मानवतं, इतकं की तो त्याच दिवशी चालत घरी गेला. तो माणूस तिथे हात मागे घेऊन मान हलवत होता, आणि तो उगाच घाबरतोय असं मी त्याच्या बायकोच्या वतीनं लिहून दिलं होतं.

"ते डॉक्टर कुठे आहेत आता?" मी विचारलं.

"पोलादपुरात. वर्स झालं दवाखाना तिकडं नेला. का वो?"

"त्यांना एक गोष्ट विचारायची आहे," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. हेडमास्तरांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि वहिनींबरोबर एसटीत बसले. वाटेत दोन्ही बाजूंना भातं पिवळी झाली होती, कुठे कुठे कापून आडवी घातली होती. वहिनी पिकाचं बोलत होत्या. मी 'हं, हं' करत होते आणि बोटांवर दिवस मोजत होते. मंगळवारी महाड. बुधवारी मुंबई. तिथून विमान. सोमवारी, फार तर मंगळवारी मार्सेय. आज शुक्रवार. मध्येच मला वाटायचं, डॉक्टर म्हणतील, छे, ते पेनिसिलीननं झालंच नव्हतं. दुसऱ्या क्षणी तो सुजलेला चेहरा डोळ्यांसमोर यायचा. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्या चेहऱ्याला नाक-डोळे नव्हते, नुसती सूज होती.

डॉक्टर जेवून दवाखान्यात येऊन बसले होते. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. वहिनींना त्यांनी लगेच ओळखलं. शिक्क्याचा कागद घरी होता, पण त्यावरच्या ओळी मी वहीत उतरवून ठेवल्या होत्या, त्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"डिसचार्ज सेम डे म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? सकाळी पेनिसिलीन दिलं, त्याच दिवशी कान मोकळा झाला, पू बाहेर आला. तोवर आत कोंडला होता. चांगलं लक्षण म्हणून लिहिलं."

"आणि रोग्याला घरी?"

"घरी कसला! संध्याकाळी दुसरी सुई दिली आणि त्याला रिअॅक्शन आली. अॅड्रिनलीन देऊन कसाबसा वाचवला मी. पुढे सल्फाच्या गोळ्यांवर काढला. ते सगळं दुसऱ्या कागदावर आहे. मोठ्या अक्षरात लिहिलंय, याला पेनिसिलीन पुन्हा कधी देऊ नये. तो कागद कुठाय?"

"पेटीत हाय," वहिनी म्हणाल्या. "त्येच्यावर शिक्का नव्हता. बाईंनी शिक्क्याचा आना म्हनून सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय लिहून पाठवलं ते मग मला सांगावंच लागलं. इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. वहिनींना कळू नये म्हणूनच. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मराठीत सांगा. नवरा तिचा आहे."

मी मराठीत सांगितलं. वहिनींकडे तेव्हा पाहायची माझी छाती झाली नाही. टेबलावरच्या बाटल्यांकडे बघत मी सांगितलं की कानातून पू आला असं लिहायचं होतं, तिथे मी रोगी घरी गेला असं लिहिलं. बाहेर एक पोर खोकत होतं.

वहिनी किंचाळतील, मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तार जाती का तिकडं?"

"जाते," डॉक्टर म्हणाले. "पण इथून परदेशी तार घेतील की नाही सांगता येत नाही. महाडला जा. पाचच्या आत पोचा."

एसटीला पाऊण तास होता. स्टँडवर कापड्याकडचा एक म्हातारा भेटला, त्याच्याकडे वहिनींनी सासूला निरोप दिला, की मी आज येत नाय, पोरांना बघा. मी म्हटलं, "तुम्ही जा घरी. मी तार करते."

"नाय," त्या म्हणाल्या. "आता मी बाजूला बसनार. तुमी काय लिवता ते मला सांगायचं, नि मंगच लिवायचं."

गाडीत मी वहीच्या मागच्या पानावर तारेचा मजकूर जुळवू लागले. फ्रेंचमध्ये 'कधीही नाही' याला झामे म्हणतात. पण पुण्याच्या आमच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की आधी 'नं' नसेल तर झामेचा अर्थ उलट, 'कधीतरी' असाही होऊ शकतो. म्हणजे वाक्याचा सगळा जीव दोन रोमन अक्षरांच्या 'नं'मध्ये. आणि तारेत दोन अक्षरं गळणं काही मोठी गोष्ट नव्हती. मी वहिनींना तसं सांगितलं.

"मंग तसला शबुद घेऊच नगा," त्या म्हणाल्या. "सरळ लिवा. ह्ये औशद म्हंजे इख."

विष. फ्रेंचमध्ये विषाला पॉइझनसारखाच शब्द आहे, लिहायला तर एकच. 'पेनिसिलीन या रोग्याला विष. मागे मरता मरता वाचला. सल्फा मानवतं.' असा मजकूर आम्ही दोघींनी मिळून केला. माझ्या दोन वर्षांच्या फ्रेंचपेक्षा तो कितीतरी सरस होता.

पोस्टात पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. तारबाबू वयस्कर गृहस्थ होते, हात धुऊन निघायच्या बेतात. फॉर्म पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"ही भाषा कुठली? सांकेतिक काही नाही ना?"

"फ्रेंच आहे. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. कृपा करून एकही अक्षर गाळू नका."

"अक्षरं इंग्रजीच आहेत ना, मग जाईल," ते म्हणाले आणि तारयंत्राच्या किल्लीशी बसले. एकेक अक्षर ते मोठ्यानं म्हणत होते आणि मी खिडकीच्या गजांना धरून माझ्या वहीतल्या अक्षराशी ताडून पाहत होते. एकदा त्यांनी 'ओ'च्या जागी 'ए' म्हटलं. मी ओरडलेच. ते म्हणाले, "मी बोललो चुकीचं, पाठवलं बरोबर." ते खरं होतं की मला गप्प करायला सांगितलं, कळायला मार्ग नव्हता.

वहिनी त्या दिवशी आमच्याकडेच राहिल्या. आईनं भात-आमटी केली, मला एक घास जाईना. वहिनी मात्र खाली मान घालून जेवल्या. जेवता जेवता थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तार कंदी पोचल?"

"उद्या, परवा."

"नि तुमचं आदीचं पत्र?"

"सोमवारी, मंगळवारी."

"म्हंजे तार आदी नि पत्र मागनं. मंग मागनं येनारं त्येच खरं, असं नाय का वाटनार त्येंना?"

मी पानावरून उठले. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तारेत म्हटलं होतं विष, आणि तीन दिवसांनी व्यवस्थित, सहीनिशी पत्र येऊन सांगणार होतं की पेनिसिलीन घेतलं आणि त्याच दिवशी घरी गेला. पत्रावरची तारीख न बघता कोणीही म्हणेल, आधी घाईत काहीतरी चुकलं, मग नीट चौकशी करून पत्र आलं. दुरुस्ती म्हणून पाठवलेल्या तारेनं माझी चूक आणखी पक्की होणार होती.

आम्ही तशाच तारबाबूंच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं सांगितलं, गावाला गेलेत, सकाळी येतील. शनिवारी पोस्टाचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी पायरीवर होतो. दुसऱ्या तारेत 'येणारं पत्र खोटं' असं मी आधी लिहिलं होतं; मग भीती वाटली की खोटं म्हणजे दुसऱ्याच कोणी बनवून धाडलं असं समजतील. शब्द बदलला. 'माझ्या पत्रात चूक आहे. तारच खरी.' प्रत्येक शब्द आधी वहिनींना मराठीत सांगितला, त्यांनी मान हलवली, मग फॉर्मवर उतरवला. तारबाबूंनी या खेपेला काही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते धड सांगता येणार नाही. शाळेत शिकवत होते. पण फळ्यावर एखादा इंग्रजी शब्द लिहिला की हात थांबायचा. मुली विचारायच्या, बाई, याचा अर्थ काय, आणि मला तोंडातून शब्द काढायची भीती वाटायची. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की मी दाराआड जायची. तो पुढे गेला की परत दारात यायची. तार मिळाली असती तर उत्तर आलं असतं, असं वाटायचं. मग वाटायचं, उत्तर देण्यासारखं काही उरलं नसेल. फ्रान्सचा नकाशा भूगोलाच्या खोलीत टांगलेला होता, त्याच्याकडे बघणं मी टाळायची. आईनं एकदा देवाला नवस बोलायला सांगितलं. मी तिच्यावर खेकसले.

वहिनी मध्ये एकदाच येऊन गेल्या. "काय नाय ना?" एवढंच दारातून विचारून, उत्तर ऐकून परत फिरल्या. कापणी चालू होती.

दिवाळीच्या सुट्टीत पत्र आलं. तीच निळी शाई, तोच तिरका हात, पाकिटावर माझं नाव. मी ते फोडलं नाही. आई म्हणाली, "अगं, बघ तरी." पण एकटीनं वाचून ठरवायचं धाडस आता माझ्यात नव्हतं. डिक्शनरी आणि पाकीट पिशवीत घालून मी पोलादपूरची गाडी धरली आणि तिथून कापड्याची वाट.

वहिनी खळ्यावर भात झोडत होत्या. मला पाहून त्यांनी पेंढी खाली ठेवली. सासू आणि दोन मुलं घरातून बाहेर आली. मी खळ्याच्या कडेला बसून पाकीट फोडलं. घाईत पाकिटाबरोबर पत्राचाही कोपरा फाटला.

"वाचते तसं सांगते," मी म्हणाले. "एक शब्दही गाळणार नाही. न समजला तर न समजला म्हणेन."

पहिलं वाक्य दोन तारा आणि पत्र मिळाल्याचं होतं. दुसऱ्यात 'ऑपरेशन' शब्द दिसला आणि त्याच्याआधी 'सुपॉर्ते'. मला वाटलं, ऑपरेशनला आधार? कसला आधार? शब्द कळला नाही असं मी सांगितलं आणि डिक्शनरी काढली. पानं बोटांना चिकटत होती. सगळे उभे होते. वहिनींच्या धाकट्या मुलानं आईचं लुगडं धरलं होतं.

"सोसणं," मी म्हणाले. "त्यांनी ऑपरेशन चांगलं सोसलं."

"म्हंजे हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा आत्या," वहिनी म्हणाल्या. "समदं वाचू द्या."

मी वाचत गेले. कानामागचं हाड कापून पू काढला. ताप उतरला. डाव्या कानानं पुढे ऐकू येणार नाही. पेनिसिलीन दिलं नाही. खिचडीसारखा भात ते मागतात, तसा करायला आमच्या स्वयंपाकघराला जमत नाही. महिन्याभरात मुंबईच्या बोटीवर बसवून देऊ. पत्र दीड पानाचं होतं, त्याला तास लागला असेल. संपलं तेव्हा वहिनी पेंढ्यांवर बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. मीही रडले. सासूबाईंनी आत जाऊन चूल पेटवली.

जेवण झाल्यावर मी वहिनींना विचारलं, की त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मला एक शब्दानं बोलला नाहीत, ते का?

"बोलले असते की," त्या म्हणाल्या. "लय मनात आलं व्हतं. पन तुमाला बोलले असते नि तुमी रडत घरी गेला असता, तर तार कोनी लिवली असती? दुसरं कोन व्हतं?"

जानेवारीत ते दोघं महाडला आले. भंडारी अंगानं बारीक झाले होते, कानामागे खोल वण होता. आईनं चहा केला. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या पहिल्या पत्रासकट. ते उजवा कान पुढे करून ऐकत होते. मग त्यांनी इस्पितळातली गोष्ट सांगितली. नर्स सुई घेऊन आली, तेव्हा त्यांनी दोन्ही गाल फुगवले, अंग खाजवून दाखवलं आणि मग स्वतःचा गळा दाबून जीभ बाहेर काढली. "लोक हसलं आजूबाजूचं. पन ती बाय नाय हसली. सुई परत ट्रेमंधी ठेवली नि गेली डागतराला बोलवायला."

"हे कधी झालं? तार पोचायच्या आधी की नंतर?"

त्यांना आठवेना. तापात दिवस कोण मोजतो. एकदा म्हणाले बोटीवरून उतरवल्यावर चौथ्या दिवशी, मग म्हणाले, नाय, त्येच्या मागनं. तेव्हा माझी तार वेळेवर पोचली म्हणून ते वाचले, की ती पोचेपर्यंत त्यांनी स्वतःच गाल फुगवून स्वतःला वाचवलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. आणि पत्र येऊन पडल्यावर तिथल्या डॉक्टरांनी कोणता कागद खरा मानायचा हे ठरवताना किती वेळ घेतला असेल, याचा विचार अजूनही मनात आला की मी हातातलं काम ठेवून देते.

त्यानंतर लोक माझ्याकडे कागद आणत राहिले. इंग्रजीतले, कोर्टाचे, गिरणीचे, दवाखान्याचे. मी कोणाला नाही म्हटलं नाही. पण कागद आणणाऱ्याला आधी समोर बसवायची, ओळ न् ओळ त्याच्या भाषेत सांगायची आणि तो म्हणेल ते ऐकून घ्यायची. फार वेळ जायचा. काही जण कंटाळून म्हणायचे, बाई, तुम्हाला येतं ना, मग लिहून टाका की.

जानेवारीतल्या त्या दिवशी चार वाजता ती दोघं परत निघाली. बोलता यावं म्हणून वहिनी नवऱ्याच्या उजव्या बाजूनं चालत होत्या. मी दारात उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं, आणि आत जाऊन वह्या तपासायला घेतल्या.